घाटात उभे बैल

॥ जय सेवालाल ॥
तांडा, पोहरादेवीजवळ
ता. १४ मे १९५४, शुक्रवार

चि. मदनसिंग यास मोठी बहीण हिरीबाईचे आशीर्वाद.

आणि आपल्या सख्ख्या भाचीच्या लग्नात, भरल्या मांडवात, गाणं अर्ध्यावर टाकून कोन निघून जाते रे? पानी प्यायले उठला असशीन म्हून सारे वाट पाहून राह्यले, आन् तू मांडवामागून नाल्यात उतरून पसार. चपला बी इथंच. तुह्ये भाऊजी विहिरीत गळ टाकून पाहत होते. मी तर तू मेला असं धरून रडून बी घेतलं. काल डाकवाल्यानं कार्ड देल्लं, की वाशीमच्या बाजारात हमाली करून राह्यलो, काळजी नसावी. जीव भांड्यात पडला बाप्पा. आधी सेवालाल महाराजापुढं गूळ ठेवला, मंग तुले शिव्या देल्या. दोन्ही मनापासून.

पण तू जिता आहे एवढ्यानं माही पोर नांदाले जात नाई. आपल्या घरचं गाणं काय असते हे तुले मी सांगावं का? लादलेले बैल खालून निघतात, घाट चढतात, माथा गाठतात, पल्याड उतरतात. नवरीपुढं हे गाणं पुरं झालं की मंग तिनं तांडा सोडायचा. गाणारा मधात थांबला तर बैल घाटातच उभे. मंग आपल्याच घरच्या मानसानं पुन्हा खालून चढवून, जिथं थांबले तिथून पुढं न्यायचे. तोवर नवरीचं पाऊल नवऱ्याच्या उंबऱ्यात पडत नाई. बाच्या मांडीवर बसून ऐकलं ना हे?

विहीणबाई धुरपताबाईनं तिथंच सांगून टाकलं, की बैल उभे तर नवरी बी उभी. आन् नवरदेवाले घेऊन त्या इंझोरीकडे चालत्या झाल्या. सेवादास बिचारा मान वळवू वळवू पाहत होता. सोनी हळदीच्या अंगानं घरात बसली आहे. ना इकडची, ना तिकडची. विहीणबाई म्हन्ते, मिरग लागायच्या आत बैल उतरले पाहिजेत, पेरनीले हात लागतात, नाई तर माहेराकडची एक पोर त्यायनं पाहून ठेवली आहे.

व्याही गोविंदसिंग यायनं तुह्यासाठी शाळेतली खुर्ची मागून आणली होती. मानोऱ्याहून भोंगा आणला होता, साऱ्या शिवारानं ऐकावं म्हून. बाले जन्मात एवढा मान भेटला नाई. त्या मानाले तू पाठ दाखवली. काहून?

कार्ड पाहताच निघ. माया आहे तशीच आहे, पण पाठीत धपाटा बी तयार आहे.

तुही बाई
हिरी


वाशीम
ता. १८ मे १९५४

ती. बाईस मदनसिंगचा पायावर डोकं ठेवून नमस्कार, वि. वि.

तुह्यं पत्र पावलं. शिव्या पोचल्या, गूळ नाई पोचला. मी खुशाल आहे. इथं धान्याच्या बाजारात पोते वाहून राह्यलो. आपल्याकडचे चार मानसं आहेत, एका खोलीत राहतो, सैपाक पाळीनं करतो. माह्या पाळीच्या दिवशी बाकीचे बाहेर जेवतात.

बाई, गोष्ट अशी की माहा गळा गेला. त्या भोंग्यात ओरडून बसला. वैद्यानं ज्येष्ठमध देल्लं आहे आन् गाणं बिल्कुल बंद ठेवाले सांगतलं. आता तूच सांग, मी येऊन काय करू? काकाचा हेमसिंग आहे ना? तो बी आपल्याच घरचा. त्याले म्हना, पुढचं म्हून टाक. चांगला गाते तो.

सोनीले माहा आशीर्वाद. भाऊजीले नमस्कार. रागाले बाजूले ठेवून मायेचा हात डोक्यावर राहू द्यावा. चपला कोनी वाशीमले येत असीन तर पाठवजो.

तुहा
मदन


तांडा
ता. २२ मे १९५४, शनिवार

चि. मदनसिंग यास आशीर्वाद.

रामकिसन बांगडीवाला काल तांड्यावर आला होता. त्याले मी विचारलं, का रे बाप्पा, माह्या भावाचा गळा कसा आहे? तो हासाले लागला. म्हने, कोनता गळा? मदनसिंग पोत्याच्या थप्पीवर उभा राहून गाडीवाल्यायले हाका मारते तर ठेसनावरचे मानसं वळून पाहतात. तर तुह्यं ज्येष्ठमध तूच चाव. मी तुह्याहून आठ-नऊ पावसाळे जास्त पाह्यले. तुले बोलता येत नव्हतं तेव्हापासून तुही लबाडी मले समजते.

हेमसिंगले म्हटलं. तो भला मानूस, नाई म्हनाले नाई. पहिल्या वळनापर्यंत बैल बरोबर नेले, मंग त्यानं दुसऱ्याच कोन्या गाण्यातले बैल आणून जुंपले. म्हातारे मानसं उठून गेले. हेमसिंग मले म्हने, बाई, घाटाचं गाणं एकट्या मदन भियापाशी आहे, मी नुसता टाळ्यायचा गडी.

आता सोनीचं ऐक.  परवा पान्याले गेली, तर विहिरीवरच्या बायायनं विचारलं, काय व सोनी, तू आता सून का पोर? मडकं रिकामंच घेऊन वापस आली. ते मडकं मीच फोडलं रागानं. आता पान्याले मी जातो, मले कोनी विचारावं फक्त.

सेवादासनं रामकिसनपाशी निरोप देल्ला आहे, की मी दुसरी करत नाई, पण आईपुढं माहं किती दिवस चालीन? मामाले म्हना या. पोरगं चांगलं आहे रे. असं पोरगं हातचं जाऊ द्यायचं का?

खरं काय ते लिही. मारलं कोनी? बोललं कोनी? भाऊजीचं काही लागलं? ते तर बिचारे म्हशीसंगही भांडत नाई. खरं लिही, म्हंजे मले कोनाशी भांडायचं ते समजीन.

तुह्या मायेची, आन् आता रागाचीही
हिरीबाई


वाशीम
ता. २५ मे १९५४

ती. बाईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

कोनाशी भांडू नको. कोनी काही बोललं नाई.

गाणं गेलं बाई. खुर्चीवर बसलो, पुढं भोंगा, सारी मानसं चूप. पायथा झाला, नाला झाला, बांबूचं वळन झालं, म्होरक्या धवळ्या बैल खडकापाशी गुडघे टेकते तिथवर आलो. पुढं तोंड उघडलं तर आत काहीच नाई. बाजार उठल्यावर मैदान दिसते ना, तसं. भोंग्यातून नुसता माहा श्वास ऐकू येत होता. तो साऱ्या शिवारानं ऐकला असीन. व्याही म्हनले, हां, होऊ द्या पुढं. मी पानी म्हनून उठलो, ते पाय थेट वाशीमले थांबले.

इथं खोलीत रोज बसून पाहतो. डोळे मिटून खालपासून सुरू करतो. दर खेपेले धवळ्या त्याच खडकापाशी बसते. पुढची ओळ येत नाई. आज्यानं बाले देल्लं, बानं मले देल्लं, आन् माह्यापाशी येऊन मेलं. हे तोंड घेऊन मी तांड्यात कसा येऊ? सोनीचं नुकसान माह्यानं झालं हे समजते. ते समजते म्हूनच येत नाई.

तूही तर ऐकलं आहेस. तुले काही आठवते का? एक ओळ. एक शब्द. लिहून पाठव.

माहं तोंड पाहू नको, पण आठवन ठेवजो.

मदन


तांडा
ता. २९ मे १९५४, शनिवार

चि. मदन भियास मनापासून आशीर्वाद.

तुह्यं पत्र वाचून मी खाटेवर बसली आन् हासली. तुह्ये भाऊजी घाबरले, म्हने हिचं डोक्स फिरलं. एवढंच होतं होय रे? मी काय काय धरून बसली होती. कोनी करनी केली, कोनी दारू पाजली, नाई तर तुले काही मोठा रोग झाला. इसरलाच ना? मानूस इसरते. मी मीठ इसरतो, भाऊजी तर म्हैस चराले नेऊन एकटे घरी येतात.

मले ओळ आठवत नाई. आठवनार कशी? बैलावर माल लादून लदेणी चालायची तेव्हा बा म्होरक्या बैलापाशी, आन् आमी बाया-पोरी साऱ्यात मागं, धुरळा खात. आमच्यापर्यंत घुंगराचा आवाज यायचा, नाई तर हो हो. समोरचं गाणं समोरच्यायचं. लग्नातही बाया मागंच, आन् माह्या सोताच्या लग्नात मी पदराआड एवढी रडत होती की एक शब्द कानात शिरला नाई.

पण दुसरं एक सापडलं. पत्र वाचलं आन् मंग डाळ काढाले उठली. खुंटीवर बाची गोणी आहे, लग्नाच्या गाण्याची. तिले लग्नात घातलेला हार तसाच वाळून काडी झाला आहे. तुटला नाई, चुरगळला नाई. म्हंजे ती गोणी त्या दिवशी कोनी उचललीच नाई! मंग माह्या डोक्यात उजेड पडला.

अरे येड्या, हे गाणं बानं कधी बसून म्हटलं का? एक तरी लग्न आठव. खांद्यावर भरली गोणी, नवरीपुढं चालायचं, मांडवाले फेरे घालायचे, पाय थांबू द्यायचे नाई. आन् तुले कसं शिकवलं? लदेणी मोडली होती, बैल इकले होते, तर तुह्या डोक्यावर लाकडाची मोळी देऊन बा टेकडी चढवायचा. तू रडायचा, मान मोडते म्हनायचा. माय भांडायची, की पोराले गाणं शिकवता का बैल करता? बा म्हने, बैल झाल्याशिवाय येत नाई. चढावर दम लागते, दमापाशी ओळ तुटते, पुढच्या पावलापाशी पुढची ओळ उचलते. तो खडक काय उगीच आहे का तिथं? तिथं दम लागते.

आन् तुमी काय केलं? व्याह्यायनं खुर्ची देली, तू फुगून बसला. गोणीले हार घालून बाजूले ठेवली, देवासारखी. मंग धवळ्या गुडघे टेकीन नाई तर काय करीन? बसलेला मानूस घाट कसा चढीन रे?

खोलीत बसून डोळे मिटनं बंद कर. पोतं उचल. चढ कुठंतरी. चढता चढता म्हन. मी उद्या इंझोरीले जातो, धुरपताबाईसंग दोन गोष्टी करतो. आतापर्यंत मी मान खाली घालून होती. आता खुर्ची कोनाची होती ते विचारतो.

जेव. ज्येष्ठमध टाकून दे. तुह्यावर लोभ आहे तो आता जास्तच आहे, पण फुगू नको.

तुही बाई
हिरी


वाशीम
ता. २ जून १९५४

ती. बाईस धावत धावत नमस्कार, वि. वि.

आलं! बाई, आलं!

तुह्यं पत्र काल दुपारच्याले भेटलं. मी वाचलं आन् पाठीवर तुरीचं पोतं घेतलं. इथं थप्पीवर चढाले फळी लावतात, चांगली उभी असते. खाली पायथा सुरू केला, मनातल्या मनात. वर पोतं टाकलं, खाली आलो, दुसरं घेतलं, तिथूनच पुढं. मंग मनातल्या मनात राह्यलं नाई. फळीच्या मधात दम लागला, धवळ्यानं गुडघे टेकले, मी पाऊल उचललं आन् ओळ अशी तोंडात येऊन पडली जशी कोनी मागून ढकलली.

चाल रे धवळ्या, उठ रे धवळ्या, माथा आला रे,
खाली राह्यलं मायचं पानी, वर बापाचा वारा रे.

हमाल सारे थांबले. एका गाडीवाल्याले वाटलं माह्या अंगात आलं. अडत्या भाइर येऊन ओरडला, की पोते वाहायचे पैसे देतो, तमाशाचे नाई. मी त्याले म्हटलं शेठ, बैल आता घाटात आहेत, थांबता येत नाई. पुढची सारी उतरन आली बाई, बाभळीची खिंड, पल्याडचा झरा, पहिल्या चुलीचा धूर. पान्याच्या लोंढ्यासारखी. मी त्या दिवशी लागल्या कामाच्या वर पोते वाहिले, गाणं पुरं करासाठी. अडत्याचा राग गेला.

ही ओळ मी एवढे वर्सं म्हटली. ती नवरीसाठी आहे हे मले त्या फळीवर पहिल्यांदा समजलं.

मी रविवारी सकाळी पोचतो. विहीणबाई ऐकत नसतीन तर त्यायच्या दारात चालत चालत म्हनतो. सोनीले सांग, फुटल्या मडक्याच्या जागी नवं मडकं आता मामा भरते.

तुह्या उपकाराखाली, आन् मायेखाली
मदन


तांडा
ता. ११ जून १९५४, शुक्रवार

चि. मदन भियास हिरीबाईचे भरपूर आशीर्वाद.

तू रविवारी संध्याकाळीच वाशीमले पळाला, अडत्या बोंबलीन म्हून. धड बोलनं झालं नाई. म्हून हे लिहितो. सोनीचा निरोप आला, सुखी आहे. पेरनी लागली. सेवादास तिच्यासाठी पान्याची खेप सोता आणते म्हने, आन् धुरपताबाई ते पाहून नाक मुरडते. मुरडू दे. नाक त्यायचं आहे.

इंझोरीले मी काय केलं ते तुले सांगाचं राह्यलं. व्याह्यायच्या ओट्यावर गेली, पानी प्याली, आन् गोविंदसिंगदादाले विचारलं, की दादा, तुमच्या तांड्यात बैल घाट चढतात ते खुर्चीवर बसून चढतात का? ते येडबडले. मी सारं सांगतलं. ते खांदे हालवून हालवून हासले. म्हने, खुर्ची मीच आणली बाई, शाळामास्तराचे पाय धरून आणली. विहीणबाई तेव्हा नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या, ती नजर मी इतके दिवस सोसत होती. थोडी वाटून गेली, हलकं वाटलं. पण तीच बाई मंग म्हनली, की मांडव तर मोडला, आता बैल कुठून काढता? मी म्हटलं, दोन तांड्यायच्या मधातल्या टेकडीवरूनच काढू. खरी चढन. गोणी भरून. त्यायनं मानलं. मानूस वाईट नाई ती, नियमाची आहे.

आता रविवारचं. तू पुढं होता, तुले मागचं दिसलं नाई, म्हून मी सांगतो. रिवाजानं मी साऱ्यात मागं चालाले पाहिजे होतं. पण मले तुह्या पायाचा भरोसा नव्हता. थांबला तर ढकलाले कोनी पाहिजे, म्हून मी सोनीचा हात धरून तुह्या पाठीले लागूनच आली. म्हातारे कुरकुरले. मी ऐकू आलं नाई असं केलं.

सोनी खालपासून रडत होती, नवरीनं रडाचंच असते. खडकापाशी तुहा दम तुटला. मी गोणीवर हात ठेवला होता, ढकलाच्या तयारीनं. तू पाऊल टाकलं आन् ती ओळ काढली. खाली राह्यलं मायचं पानी. सोनीनं माह्या हातातल्या हातानं माहा हात दाबला. तिनं मागं वळून तांड्याकडे पाह्यलं, मंग समोर पाह्यलं, आन् रडनं बंद. माथ्यावरून माह्या हातातून हात काढून ती एकटी उतरली, तुह्या मागं मागं, थेट पल्याड वाट पाहत उभ्या सेवादासपर्यंत. मी माथ्यावर उभी राह्यली. एवढा मोकळा श्वास मी कित्येक दिवसात घेतला नव्हता.

आन् तिथं उभ्या उभ्या मले राग आला. आता हे नीट वाच.

माहं सारं आयुष्य घुंगराचा आवाज ऐकन्यात गेलं. ते गाणं मी रविवारी पहिल्यांदा पुरं ऐकलं, या वयात, ते बी तू थांबशीन या भेवानं पुढं आली म्हून. जी ओळ नवरीची आहे, ती नवरीच्या मायले माहीत नाई. आन् हे सारं कोनाच्या भरोशावर? तुह्या एकट्याच्या! तू त्या फळीवरून उद्या पडला तर? पुन्हा एखाद्यानं खुर्ची देली तर? हा महिना मी कसा काढला ते मले माहीत. पुन्हा काढनार नाई.

तर मी ठरवलं आहे. दर पंधरवड्याले तू सुट्टीच्या दिवशी यायचं, आन् टेकडीवर मले हे गाणं शिकवायचं. गोणी मी उचलतो. मोळ्या वाहून वाहून माही मान तुह्याहून पक्की आहे. बाई पुढं चालत नाई, असं लिहिशीन. रविवारी चालली ना? घाट कोसळला का? सोनी माहेरपनाले आली की तीही शिकीन, सेवादासले मी विचारलं, तो म्हने मले काय हरकत, पान्याची खेप मी आणतोच. म्हाताऱ्यायचं मी पाहतो. भाऊजी हो म्हनले आहेत. ते तसे कशालेच नाई म्हनत नाई, पण ह्या खेपेले जोरात हो म्हनले.

चपला रामकिसनसंग पाठवल्या आहेत. माया आहे, ती कमी होणार नाई, तू काहीही लिहिलं तरी. पण राग किती राहीन ते तुह्या उत्तरावर आहे.

डाकवाला बुधवारी येते. त्याच्या थैलीत तुह्यं कार्ड पाहिजे, आन् त्यावर शिकवतो का नाई, एवढंच. पाहू, करू, मोठ्यायले विचारू, असलं काही लिहून धाडलं, तर बोचकं घेऊन मीच वाशीमले येईन आन् तुह्या थप्पीच्या फळीवर चढून शिकीन. बुधवार. १६ तारीख. इसरू नको.

तुही बाई
हिरी